पेशी किती आणि त्यांचा वेग किती

मिरकरवाड्याच्या बंदरावर आपण कधी ना कधी उभे राहिला असालच. समजा, एखाद्या संध्याकाळी आपल्याला कुणी विचारले, "उद्या समुद्रावर किती होड्या जातील?" तर आपण काय कराल? बंदरात उभ्या असलेल्या साऱ्या होड्या मोजाल? त्या मोजणीचा फारसा उपयोग नाही. काहींचे इंजिन नादुरुस्त असते, काहींचे खलाशी गावी गेलेले असतात. जून-जुलैत तर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बंदर होड्यांनी भरलेले, पण पाण्यावर हालचाल नाही. जाणता माणूस होड्या मोजत बसत नाही. तो एवढेच पाहतो की, या घटकेला बर्फ कोण भरते आहे. जी होडी बर्फ भरते आहे ती निघणार. शंभर होड्यांत पाच बर्फ भरत असतील तर बंदराची चाल एक, पन्नास भरत असतील तर चाल निराळी.

आज आपल्याशी बोलायचे आहे ते असल्याच एका मोजणीविषयी. मात्र ही मोजणी बंदरावरची नव्हे, हाडांच्या आतली आहे. रक्ताच्या एका रोगाची प्रतवारी करताना डॉक्टर पेशींची नुसती संख्या मोजून थांबत नाहीत. त्या पेशींपैकी किती पेशी दुप्पट होण्याच्या तयारीत आहेत हेही पाहतात. रोग्याला आज औषध द्यायचे की थांबायचे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा या मोजणीत असतो. म्हणून विषय जरा अवघड वाटला तरी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या पेशी तिथे तयार होतात. या मज्जेत प्लाझ्मा पेशी नावाच्या काही पेशी राहतात. निरोगी माणसाच्या मज्जेत त्या थोड्याच असतात, शंभरात दोनचार. पण त्यांचे काम मोठे. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्या तयार करतात. गंमत अशी की, एक प्लाझ्मा पेशी आयुष्यभर एकाच प्रकारचे प्रतिपिंड करते. कासाराच्या घरी कासाराची भट्टी आणि कुंभाराच्या घरी कुंभाराचे चाक, तसे हे. निरोगी शरीरात अशी नाना घराणी नांदतात, म्हणून रक्तातली प्रतिपिंडेही नाना तऱ्हेची असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्ण वाढलेली प्लाझ्मा पेशी सहसा दुभंगत नाही. तिने आपले काम करावे आणि कालांतराने नाहीसे व्हावे, असा निसर्गाचा रिवाज आहे.

आता काही माणसांच्या बाबतीत, बहुधा उतारवयात, यांतले एकच घराणे वाढू लागते. मग रक्तात एकाच साच्याचे प्रथिन साठते. रक्तद्रवातली प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी करण्याची एक तपासणी आहे, इलेक्ट्रोफोरेसिस. तिच्या आलेखावर हे प्रथिन सुळक्यासारखे उभे राहिलेले दिसते. नाना तऱ्हेची प्रतिपिंडे असली तर उतरत्या टेकडीसारखा उंचवटा, आणि एकच असले तर सुळका. हा फरक स्वीडनचे डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रोम यांनी १९६१ साली नीट मांडून दाखविला.

रोग मात्र त्याहून पुष्कळ आधी ओळखीचा झाला होता. १८४५ साली लंडनमधल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याची हाडे असह्य दुखत होती. त्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ डॉक्टरकडे तपासायला आली. त्यात एक विलक्षण प्रथिन होते. तापविले की साकळे, आणखी उकळले की विरघळून जाई, गार झाले की पुन्हा साकळे. तो रोगी १८४६ च्या पहिल्याच दिवशी वारला. त्या प्रथिनाला आजही बेन्स जोन्स यांचेच नाव आहे, आणि त्या रोगाला आज आपण मल्टिपल मायलोमा म्हणतो.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे खरी पंचाईत सुरू होते. सुळका दिसला म्हणजे प्रत्येक वेळी मायलोमा असतोच असे नाही! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी वर्षानुवर्षे अशा माणसांची नोंद ठेवली आणि १९७८ साली या अवस्थेला एक लांबलचक नाव दिले. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'एकाच साच्याचे प्रथिन आहे खरे, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही'. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एमगस' म्हणतात. मेयो क्लिनिकच्याच परिसरातील ओल्मस्टेड परगण्यात पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरात सुमारे तिघांत ही अवस्था सापडली. ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. या माणसांपैकी दरसाल शंभरात साधारण एकाचाच रोग पुढे सरकतो. बाकीची आपापले आयुष्य जगतात आणि बहुधा दुसऱ्याच कारणाने जातात.

एमगस आणि मायलोमा यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. तिला 'धुमसता मायलोमा' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. चुलीतले निखारे राखेखाली असतात, जाळ दिसत नाही, पण चूल विझलेली नसते. इथे प्रथिन जास्त असते, मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी शंभरात दहा किंवा त्याहून अधिक झालेल्या असतात, पण रोग्याला काही त्रास नसतो. अशा माणसांत पहिली पाच वर्षे दरसाल शंभरात दहाजणांचा रोग भडकतो. पुढची पाच वर्षे हे प्रमाण शंभरात तीनवर येते आणि त्यानंतर एकावर.

आता एक प्रसंग कल्पू या. माणूस कल्पित, पण प्रसंग रोजचा आहे. एक निवृत्त गुरुजी. वय अडुसष्ट. सकाळी पोफळीची बाग शिंपतात, संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या चढतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले, त्यात प्रथिने जास्त निघाली. पुढच्या तपासणीत सुळका दिसला. मज्जा काढून पाहिली, तर प्लाझ्मा पेशी शंभरात बारा. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, कॅन्सर आहे, उद्याच्या उद्या औषध सुरू करू." गुरुजी डॉक्टरांना म्हणतात, "डॉक्टर, मला तर काही होत नाही. मग हे औषध कशाला? आणि नाही घेतले तर मी वेडा ठरेन का?"

गुरुजींचा प्रश्न रास्त आहे. औषधे जालीम असतात. ती विनाकारण दिली तर धडधाकट माणूस आजारी पडेल. उशिरा दिली तर हाडे मोडतील, मूत्रपिंडे निकामी होतील. आणि निकामी झालेली मूत्रपिंडे पुन्हा सुधारतीलच अशी खात्री नसते. बारा पेशी आहेत, हे झाले होड्या मोजणे. बर्फ किती होड्या भरताहेत, हे कोण सांगणार?

ही मोजणी कशी जमली ते पाहू. कोणतीही पेशी दुभंगण्यापूर्वी आपले डीएनए दुप्पट करते, म्हणजे वडिलोपार्जित दस्तऐवजाची नक्कल उतरवून घेते. दोन भाऊ वेगळे निघताना प्रत्येकाला सातबारा हवा, तशातला प्रकार. त्या नकलेसाठी थायमिडीन नावाचे एक द्रव्य लागते, आणि ते डीएनएखेरीज दुसरीकडे कुठे वापरले जात नाही. तेव्हा थायमिडीनवर खूण करून ठेवली, तर ते ज्या पेशीत शिरले ती नक्कल उतरवीत होती हे उघडच झाले. १९५७ साली टेलर, वुड्स आणि ह्यूज या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे करून दाखविले, तेही शेंगवर्गातल्या एका रोपाच्या कोवळ्या मुळांवर! खूण म्हणून त्यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन वापरला.

हीच युक्ती पुढे रोग्यांच्या मज्जेवर चालविली गेली. रोग्याच्या अंगात काही टोचायचे नाही, बरं का. बाहेर काढलेल्या मज्जेचा थेंब काचेच्या भांड्यात या खुणेच्या थायमिडीनबरोबर थोडा वेळ ठेवायचा. मग पेशी काचपट्टीवर पसरायच्या, त्यांवर फोटोच्या फिल्मवर असतो तसला लेप द्यायचा आणि अंधारात ठेवून द्यायचे. काही दिवसांनी पाहावे, तर नक्कल उतरविणाऱ्या पेशींवर काळे कण उमटलेले. मग डोळ्याला सूक्ष्मदर्शक लावून मोजदाद. पाचशे प्लाझ्मा पेशी पाहिल्या आणि त्यांत पाचांवर कण दिसले, तर आकडा झाला १ टक्का. या आकड्याला लेबलिंग इंडेक्स म्हणतात. आपण त्याला खूण-निर्देशांक म्हणू.

पाचशेत पाच! हा आकडा ऐकून आपल्याला वाटेल, हे तर काहीच नाही. पण मायलोमाच्या बाबतीत हा आकडा जास्त समजला जातो. हा रोग मुळात सावकाश वाढणारा. त्यामुळे अगदी लहान आकड्यांतल्या फरकालाही इथे मोल आहे. मेयो क्लिनिकच्या फिलिप ग्राइप आणि रॉबर्ट काइल या दोघा डॉक्टरांनी १९८३ साली एमगस, धुमसता मायलोमा आणि खरा मायलोमा यांतला फरक या निर्देशांकाने कसा उमटतो ते प्रसिद्ध केले. पहिल्या दोन अवस्थांत निर्देशांक अगदी कमी असतो, खऱ्या मायलोमात तो चढतो. खऱ्या मायलोमातही ज्यांचा निर्देशांक अधिक, त्यांचा रोग अधिक उतावळा असतो. हेही पुढे ठिकठिकाणी पडताळून पाहिले गेले.

या रीतीत एक अडचण होती. काळे कण उमटायला दिवस लागत आणि किरणोत्सर्गी पदार्थ हाताळायचे म्हणजे जोखीम. त्यावर तोड निघाली. ट्रिटियमऐवजी ब्रोमीन जोडलेले द्रव्य वापरायचे आणि ते ओळखणारे प्रतिपिंड वापरून पेशी चमकवायची. असे प्रतिपिंड १९८२ साली तयार झाले, आणि दिवसांचे काम तासांवर आले. पाहा कसा योगायोग आहे! प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींचा रोग, आणि तो मोजायलाही प्रतिपिंडच!

१९८३ सालीच जर्मनीतल्या कील शहरात आणखी एक प्रतिपिंड प्रसिद्ध झाले. त्याचे नाव की-६७. कील गावावरून 'की', आणि ज्या खळगीत ते सापडले तिचा क्रमांक सदुसष्ट. हे प्रतिपिंड नक्कल उतरविणाऱ्या पेशीच नव्हे, तर दुभंगण्याच्या फेऱ्यात कुठेही असलेली प्रत्येक पेशी दाखविते. आपल्या बंदराच्या भाषेत, बर्फ भरणारी होडीही मोजली जाते आणि इंजिन सुरू असलेलीही. साहजिकच की-६७ चा आकडा खूण-निर्देशांकाहून मोठा येतो. म्हणून दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवून घाबरू नये. कोणत्या मापाने मोजले ते आधी विचारावे. पायलीचा हिशेब शेराशी लावून कसे चालेल? अलीकडे फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्रातून पेशी एकेक करून सोडतात आणि प्रत्येकीतले डीएनए मोजतात. ज्यांत ते एकपटीहून जास्त आणि दुपटीहून कमी, त्या नक्कल उतरविणाऱ्या. मनुष्य पाचशे पेशी मोजून दमतो. यंत्र हजारो मोजते.

पण मोजणी कितीही चोख असली तरी एक पथ्य पाळावेच लागते. वेग दिसला की लगेच रोग, असे समजायचे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचा ताप येतो. त्या तापात प्लाझ्मा पेशींची तरुण पिढी रक्तात एकाएकी पुष्कळ वाढते आणि तिचा वेगही मोठा असतो. पण ती असते नाना घराण्यांची, आणि ताप उतरला की ओसरून जाते. ती सैन्यभरती आहे, बंडाळी नव्हे. म्हणून प्रयोगशाळेत वेग मोजताना त्या पेशी एकाच घराण्याच्या आहेत की अनेक, हेही रंगवून पाहतात. प्रतिपिंडाच्या लहान साखळीचे दोन प्रकार असतात, कॅपा आणि लॅम्डा. दोन्हींची सरमिसळ दिसली तर बहुधा भरती. एकच दिसला तर संशय. उलट, वेग कमी दिसला म्हणून निर्धास्त होणेही चूक. सावकाश वाढणारा रोगही हाड पोखरू शकतो.

आता गुरुजींच्या निर्णयाकडे येऊ. आज जगभर मानली जाणारी प्रतवारी २०१४ साली ठरली. तीत चार गोष्टी प्रथम पाहतात: रक्तातले कॅल्शियम वाढले आहे का, मूत्रपिंडे बिघडली आहेत का, रक्त कमी झाले आहे का, हाडांत पोकळ्या पडल्या आहेत का. यांतले काही या पेशींमुळे झाले असेल तर तो खरा मायलोमा, उपचार लगेच. यांतले काही नसले तरी मज्जेत पेशी शंभरात साठ किंवा अधिक असतील, रक्तातल्या सुट्या साखळ्यांचे प्रमाण शंभरपट बिघडले असेल, किंवा एमआरआय चित्रात हाडांत एकाहून अधिक डाग दिसत असतील, तरीही थांबत नाहीत. आपण हे नीट लक्षात घ्यावे की, या यादीत खूण-निर्देशांक नाही. तो निदानाचा न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. रोग ठरल्यावर तो किती उतावळा आहे, धुमसणारी चूल भडकण्याच्या बेतात आहे का, हे सांगायला त्याची साक्ष काढतात. गुणसूत्रांच्या तपासण्या आल्यापासून त्याचे महत्त्व पूर्वीइतके राहिलेले नाही, हेही खरे. पण मूळ प्रश्न तोच आहे: किती पेशी, आणि त्यांचा वेग किती?

हा प्रश्न आज तर अधिकच धारदार झाला आहे. पूर्वी धुमसत्या अवस्थेत वाट पाहणे एवढाच मार्ग होता. २०२४ च्या अखेरीस एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना धोका अधिक आहे अशांना लक्षणे दिसण्यापूर्वीच डाराटुमुमॅब हे औषध दिल्यास रोगाची वाटचाल लांबते, असे तीत आढळले. तेव्हा धोका कुणाला अधिक हे ओळखणे आता नुसते कुतूहल राहिलेले नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही या रक्तरोगांशी जुना संबंध आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यातून पुढे कर्करोगाच्या इस्पितळाची कल्पना आली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. तिथल्या प्रयोगशाळेचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घातला. पेशीकडे पाहून रोगाचे नाव सांगण्याची विद्या त्यांनी या देशात रुजविली. १९६२ साली हे इस्पितळ अणुशक्ती खात्याकडे आले. भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण तिथेच १९८३ साली झाले. मायलोमाच्या पुष्कळ रोग्यांना आज त्यांच्याच मज्जेतल्या पेशी परत देऊन उपचार करतात.

पूर्वी रत्नागिरीच्या माणसाला मुंबई म्हणजे बोटीचा प्रवास, मागाहून एस.टी.ची रात्र. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आणि २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पेशींचा वेग मोजण्याची यंत्रे मोठ्या शहरी असतील. पण पहिला संशय यायला यंत्र लागत नाही.

तो संशय कुठे यावा? पन्नाशीपुढचा माणूस, कंबर किंवा बरगडी दोनतीन महिने दुखते, रात्री झोपू देत नाही. त्यातच चेहरा पांढुरका पडलेला, धाप लागते, वारंवार न्यूमोनिया होतो, लघवीला फेस येतो. आपल्या घरांतून अशा वेळी काय होते? भात लावून लावून आईची कंबर गेली, असे म्हणून तेल चोळायचे, वेदनेच्या गोळ्या द्यायच्या. तेल चोळण्याला हरकत नाही, पण या रोगात वेदनेच्या पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि रक्तातली एकूण प्रथिने, एवढ्या साध्या तपासण्या तालुक्याच्या गावी होतात. त्यांत काही वावगे दिसले तर इलेक्ट्रोफोरेसिसविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातच करावी.

आणि आमचे गुरुजी? त्यांना डॉक्टर सांगतील, "गुरुजी, पेशी बारा आहेत, पण त्यांचा वेग कमी आहे. हाडे शाबूत आहेत, मूत्रपिंडे ठीक आहेत. आज औषध नको. पण दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायला यायचे, एकदाही चुकवायचे नाही." मुलाला हे पटायला वेळ लागेल. काहीच न करणे म्हणजे बाबांना वाऱ्यावर सोडणे, असे त्याला वाटेल. त्याला एवढेच सांगावे: थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. बंदरावरचा जाणता माणूस होड्यांकडे पाठ फिरवून बसत नाही. बर्फ भरायला कोण लागले, यावर त्याची नजर असते. तेवढी नजर ठेवता आली, तर गुरुजींना आपली पोफळीची बाग आणखी कितीतरी पावसाळे पाहता येईल.